मुलीकडचा कॅमेरा, मुलाकडचा कॅमेरा

फेब्रुवारीत शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये कॅमेरा कंपन्यांचा मेळावा भरला होता, आणि मी तिथं पिशवीत एक पांढरी साडी घेऊन गेले होते.

का, ते सांगते. मी क्रांती. कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या रस्त्याला आमचा 'भाऊसो फोटो' म्हणून स्टुडिओ आहे, पुढं स्टुडिओ, मागं घर. भाऊसो म्हणजे माझे आबा. तीस वर्षं त्यांनी लग्नाचे फोटो काढले. मग हात थरथरायला लागले, तेव्हापासून मी काढते, त्यालाही आता नऊ वर्षं झाली. आम्ही बौद्ध, आणि गिऱ्हाइकंही बहुतेक आपल्याच समाजातली. आमच्या लग्नात नवरा-नवरी दोघंही पांढऱ्यात असतात. आता कॅमेऱ्याचं असं असतं, की समोर फार पांढरं दिसलं की तो घाबरतो आणि सगळा फोटोच काळपट करून टाकतो. साडी राखाडी, नवरीचं तोंड काळंठिक्कर. बरं, उजेड वाढवावा तर तोंड दिसतं, पण साडीच्या निऱ्या, काठ, पदर सगळं चुना फासल्यासारखं एकसारखं. कंपन्यांना याचा पत्ताच नाही. त्यांच्या प्रत्येक जाहिरातीत नवरी आपली लाल शालूत, नाकापर्यंत सोन्यात!

हॉलमध्ये डाव्या अंगाला होशिन कंपनीचा स्टॉल, उजव्या अंगाला कुराटाचा. मधून चार माणसं जातील एवढीच वाट. होशिन जुनी, जड, महाग. आबांचं सगळं आयुष्य तिच्यावर गेलं. कुराटा नवी, हलकी आणि भारी हुशार. एकानं किंमत पाडली की दुसरा लेन्स फुकट द्यायचा. एकानं फुकट बॅग दिली की दुसरा दोन वर्षांची वॉरंटी वाढवायचा. माइकवरून दोघांचं असं चाललेलं, जणू गावात दोन पॅनेल निवडणुकीला उभी आहेत.

मी होशिनच्या माणसाकडं गेले. त्याच्या स्टॉलवर लाल शालूतली एक मुलगी खुर्चीत बसली होती.

"हिला ही साडी नेसवा," मी म्हटलं. "पांढऱ्यावर कसा येतोय ते बघायचंय. त्यासाठीच आलोय मी."

माणूस पुण्याचा होता. "आलोय?" म्हणून हसला. आमच्याकडं पोरीसुद्धा 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. एवढं हसण्यासारखं काय आहे त्यात? माझं डोकंच फिरलं.

"मॅडम, मॉडेलचे कपडे नाही बदलता येणार."

"मग मीच हुभी ऱ्हातो," म्हणून मी ड्रेसवरूनच साडी गुंडाळली, पदर घेतला आणि दिव्याखाली जाऊन उभी राहिले. "काढा आता."

तेवढ्यात मागून, वाटेपलीकडून आवाज आला —

"ओ मॅडम… जरा हलू नका की."

वळून बघितलं. कुराटाच्या स्टॉलवर एक उंच, रापलेला मुलगा हातात कॅमेरा घेऊन एक गुडघा टेकून बसला होता. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि डोळा कॅमेऱ्याला असा चिकटवलेला की सगळं जग आतच आहे.

"तुम्हाला कुणी काढायला सांगितलं?" मी म्हटलं.

"कुणी न्हाय. तीन दिवस झालं येतोय. इथं पांढरं घालून कुणी हुभंच ऱ्हात न्हाय." त्यानं कॅमेरा खाली घेतला. "मी पण आपलीच लग्नं करतोय ओ. पेठ वडगावचा मी. सार्थक."

माझा राग अर्धा तिथंच गेला. उरलेला मी मुद्दाम धरून ठेवला.

कुराटाचा माणूस मोठा तरबेज. त्यानं लगेच संधी साधली. "सर, मॅडमचा चेहरा आपण कॅमेऱ्यात नोंदवून ठेवू. मग हॉलमध्ये हजार माणसं असू देत, हा चेहरा दिसला की फोकस तिथंच जाणार. नवरीचा चेहरा सकाळी नोंदवायचा, दिवसभर काळजी नाही." असं म्हणून त्यानं तीन बटणं दाबलीसुद्धा. मग मला गर्दीत पाठवलं. मी दोन माणसांच्या आडून डोकावले, आणि सार्थक ओरडला, "घावली!"

"कोण घावलं?"

"मशीनला… मशीनला घावला तुम्ही." त्याचे कान लाल झाले होते.

मी साडीची घडी घालत म्हटलं, "हुशारी राहू दे. निऱ्या दिसत्यात का ते दाखवा." त्यानं दाखवलं. निऱ्या दिसत होत्या. तोंडही दिसत होतं, माझ्या रंगाचं, ना काळं ना पावडर लावल्यासारखं. मला ते आवडलं आणि मी ते बोलून दाखवलं नाही.

"नुसती कॅमेऱ्याची बॉडी स्वस्त देत्यात," मी एवढंच म्हटलं. "खरं पुढं त्यांच्याच लेन्स घेता घेता कंबरडं मोडंल, पावणं. आमच्या होशिनला आबांच्या जुन्या लेन्स एक रिंग लावली की बसत्यात."

"मोडू दे की," तो म्हणाला. आणि मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी त्यानं स्टॉलवरचाच तो वापरलेला कॅमेरा कमी किमतीत घेतला. हे मला नंतर कळलं.

आमच्याकडं लग्नात फोटोग्राफर दोन असतात. मुलीकडचा एक, मुलाकडचा एक. दोघंही स्टेजवर एकमेकांना ढुशा मारत असतात. मार्च ते मे मी आणि सार्थक सहा लग्नांत असे समोरासमोर आलो. कधी मी मुलीकडची, कधी तो. पहिल्या लग्नात आमचं कडाक्याचं भांडण झालं, कारण हार घालताना तो माझ्या फ्रेममध्ये घुसला. दुसऱ्या लग्नात त्यानं जेवताना माझ्या ताटात आपली जिलेबी ठेवली. "माफी," म्हणाला. तिसऱ्या लग्नात मीच त्याच्यासाठी पंख्याखालची खुर्ची धरून ठेवली आणि वर पर्स ठेवली, म्हणजे कुणाला संशय नको.

आबांची एक पद्धत होती. पांढऱ्या साडीत कॅमेऱ्याचं ऐकायचं नाही. आपला हात, मागची बाजू वर करून, नवरीवर पडतो त्याच उजेडात धरायचा, त्या हातावर उजेड मोजायचा आणि तोच आकडा ठेवायचा. आपल्या हाताचा रंग तोच आपल्या लेकीबाळींच्या तोंडाचा रंग, आबा म्हणायचे. ते मी सार्थकला शिकवलं. मंडपात पांढऱ्या कापडातून ऊन झिरपत होतं, त्रिशरण सुरू व्हायला वेळ होता. त्यानं आपला हात पुढं धरला, मग मागं घेतला.

"माझा चालत न्हाय ओ. गाडी चालवून चालवून रापलाय. नवरीच्या रंगाचा न्हाय ह्यो."

"मग?"

"तुमचा द्या."

मी हात धरला. मोजायला चार सेकंद पुरे होते, त्यानं एक मिनिट लावलं. माझा हात हवेतच.

"झालं का न्हाय अजून?"

"जरा… आकडा हलतोय."

"आकडा हलत न्हाय. तुमचा हात हलतोय."

"व्हय," तो हळूच म्हणाला. "त्योच हलतोय."

मग वाद घालायला आम्हाला काही कमी नव्हतं. तो रात्री आठला फोन करायचा, "होशिननं नवा आणलाय म्हणं, वजन दीड किलो. त्यापेक्षा पाटा-वरवंटा गळ्यात अडकवा." मी म्हणायचे, "तुमचा कॅमेरा लई हुशार, खरं मालकाला काय त्याचा उपयोग?" आबा आतून खोकायचे. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच हातात धरून बसायचे.

मग मे महिन्यात अक्षताचं लग्न आलं.

अक्षता आमच्या बावड्यातलीच. तिची आजी तानूबाई. अक्षताची आई कारखान्यावर कामाला जायची, त्यामुळं पोरीला वाढवलं ते आजीनं. तानूबाई आठ महिने अंथरुणावर होत्या. लग्नात सार्थक मुलीकडचा, मी मुलाकडची. हॉलमध्ये उकाडा मरणाचा. वधू-वरांनी पंचशील घेतलं, हार घातले, फुलं पडली. आणि तेवढ्यात दोन माणसांनी दोन्ही दंडांना धरून तानूबाईंना स्टेजवर आणलं. पांढरं लुगडं, पांढरे केस, एवढीशी झालेली बाई.

नवरीसमोर आल्यावर त्यांनी दोघांचे हात झटकले.

"सोडा मला! माझ्या नातीच्या लग्नात मी दुसऱ्याच्या आधारानं हुभी ऱ्हाऊ व्हय?"

आणि उभ्या राहिल्या. स्वतःच्या पायावर. दोन्ही हातांनी अक्षताचं तोंड धरलं आणि बघत राहिल्या. नुसत्या बघत राहिल्या.

नऊ वर्षं मी लग्नं काढते. बाप रडतात, भाऊ रडतात, माझा हात हलत नाही. त्या दिवशी मला काय झालं मला सांगता येणार नाही. मी कॅमेरा तोंडावरून खाली घेतला. तिथंच गुडघ्यावर बसून त्या बाईकडं बघत राहिले आणि रडले. सहा-सात सेकंद असतील. तानूबाई खाली बसल्या आणि ते संपलं. माझ्याकडं त्या घडीचा एकच फोटो होता, अगदी सुरुवातीचा, त्यात नुसता एक सुरकुतलेला हात.

नऊ दिवसांनी तानूबाई गेल्या.

घरच्यांनी पहिला फोन सार्थकला केला. आजी उभी राहिलेला फोटो पाहिजे, मोठा करून लावायचा आहे. सार्थक म्हणाला, "त्यो फोटो नीट आला न्हाय. चूक झाली माझी." एवढंच. कशी, का, काही नाही. मग त्यांनी मला विचारलं. आणि मी… मी म्हटलं, "मी मुलाकडची ओ. माझं ध्यान नवऱ्यावर हुतं."

खोटं. सरळ खोटं बोलले मी. भाऊसोंची पोरगी कॅमेरा खाली ठेवून रडत बसली, हे कळलं तर कोण बोलावणार मला? पोरगी आहे, हळवी आहे, जमणार नाही, हेच ऐकत मी नऊ वर्षं काढली होती.

आमचा फोटोग्राफर लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, दोनशे बारा माणसं. तिथं विषय निघाला. वडगावच्या पोरानं म्हाताऱ्या आजीचा शेवटचा फोटो घालवला. कुणी म्हणालं नवा कॅमेरा, कुणी म्हणालं नवा माणूस. कुणी मला विचारलं, 'तू हुतीस की तिथं, काय झालं?' आणि विषय माझ्यावरून हलावा म्हणून मी लिहिलं —

'चेहरा ओळखणारा कॅमेरा म्हणं. आजीचा चेहराच ओळखला न्हाय. स्वस्तात घेतलं की असं हुतंय.'

हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. कुणीतरी ते उचलून दुसऱ्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते गावोगाव गेलं. आठवड्यात सार्थकची जूनमधली दोन्ही लग्नं सुटली. आणि एका दुपारी ग्रुपवर बारीक अक्षरात आलं की सार्थक ग्रुपमधून बाहेर पडला.

त्यानं मला फोन केला नाही, शिवी दिली नाही, जाब विचारला नाही. रात्रीचे आठ वाजायचे आणि फोन गप्प. आबांनी चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "पोरी, होशिन चांगला, कुराटा वाईट, हे मी आयुष्यभर भांडलोय. खरं दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन न्हाय भांडलो."

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली आणि पेठ वडगावला गेले. पाऊस झिमझिम होता, रस्त्यावर चिखल. बाजारपेठेत एका किराणा दुकानाच्या माडीवर त्याचा स्टुडिओ. तो एकटाच बसला होता. मला बघून उठला, खुर्ची पुसली.

"भिजलासा की," म्हणाला.

"आजींचे ते फोटो मला दाखवा."

"कुठलं?"

"तुम्हाला ठाऊक हाय कुठलं."

"न्हाय दाखवणार."

"सार्थक, मी तुमची लग्नं घालवली. मला बघू तरी द्या, नेमकं काय चुकलं!" माझा आवाज चढला. खालून दुकानदारानं वर बघितलं.

सार्थकनं कॉम्प्युटर सुरू केला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

आठ फोटो होते. पुढं तानूबाई आणि अक्षता, दोघी धूसर. पांढऱ्यात पांढरं मिसळलेलं. आणि त्या दोघींच्या मधून, मागं, स्टेजच्या पलीकडच्या कडेला गुडघ्यावर बसलेली एक बाई लख्ख. पापण्यांचे केस मोजावेत इतकी लख्ख. कॅमेरा मांडीवर, तोंड उघडं, गालावरून पाणी. ती मी होते. आठच्या आठ फोटोंत मी.

"मेळाव्यातला… त्यो चेहरा," मी म्हटलं. "पुसला न्हाईसा?"

"स्टॉलवरचाच कॅमेरा घेतला मी. घरी आणून लावला तवा यादीत तुम्ही. पुसायला बटणावर बोट नेलं." तो खिडकीबाहेरच बघत होता. "न्हाय पुसवलं. वाटलं, काय बिघडतंय? लग्नात तुमच्या तोंडावर कायम कॅमेराच. मशीनला तोंड दिसणारच न्हाय. आधीची पाच लग्नं झाली, एकदाबी फोकस हलला न्हाय."

"आणि त्या दिवशी मी कॅमेरा खाली घेतला."

"व्हय."

"मग हे सांगितलं का न्हाईसा? घरच्यांना, ग्रुपवर? मी तुम्हाला हसत हुतो तवा नुसता एक फोटो टाकला असता तर माझंच तोंड बंद झालं असतं!"

तो वळला. डोळे लाल होते.

"तुम्ही रडत हुता," तो म्हणाला. "ते दोनशे माणसांस्नी दाखवू? त्यातली निम्मी टपूनच बसल्यात, क्रांती कधी चुकती म्हणून. माझी चूक हाय. यादीत चेहरा मी ठिवला. मीच भोगायची की."

मी खुर्चीवर बसले आणि हमसून हमसून रडले. कोण म्हणेल हा मुलगा कॅमेऱ्याच्या वजनावरून माझी चेष्टा करायचा! माझ्या एका खोट्यापायी त्यानं आपलं नाव जाऊ दिलं होतं, आणि वर मला खुर्ची पुसून दिली होती. मला त्याचा राग आला, माझी लाज वाटली, आणि तो मला किती आवडतो हे त्याच क्षणी लख्ख कळलं.

"चला," शेवटी मी म्हटलं. "अक्षताकडं जाऊ."

"कशाला? ती दुःखात हाय."

"म्हणूनच. तिला खरं कळलं पाहिजे."

अक्षता माहेरी आलेली होती. बाहेरच्या सोप्यात तानूबाईंचा एक जुना, आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो लावला होता. त्यावर हार. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, यादीतला चेहरासुद्धा नाही. अक्षता ऐकत राहिली आणि मग भडकली.

"माझी आजी गेली! तिचा हुभं ऱ्हायलेला एक फोटो न्हाय माझ्याकडं. आणि तुम्ही दोघं मला तुमचं प्रेम सांगायला आलाय व्हय?"

सार्थकनं मान खाली घातली. मी पण. ती खरं तेच बोलत होती.

जरा वेळानं तिनं हात पुढं केला. "दाखवा. आठच्या आठ दाखवा."

तिनं एकेक फोटो बघितला. तिसऱ्यावर थांबली. बोटानं माझं तोंड मोठं केलं.

"किती रडताय तुम्ही," ती म्हणाली. "का ओ? तुमची कोण आजी?"

"न्हाय कोण. त्यांनी हात झटकलं ना दोघांचं… मला ऱ्हावलं न्हाय."

अक्षता खालच्या आवाजात म्हणाली, "मी रडलो न्हाय त्या दिवशी. मेकअप हुता. पाहुणं हुतं. आई रडली न्हाय, म्हणाली सगळी बघत्यात. मला रोज वाटतंय, आजी एवढी हुभी ऱ्हायली आणि कुणी डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाय. तिला काय वाटलं आसंल?" तिनं पदरानं नाक पुसलं. "ह्यो द्या मला. तीन नंबरचा. मोठा करून."

"ह्यात आजी धूसर हाईत," सार्थक म्हणाला.

"आसू दे. आजीला बघून कुणीतरी रडलं, हे दिसतंय की ह्यात." मग लगेच ताठ होऊन म्हणाली, "आणि माफ बिफ केलं न्हाय मी तुम्हाला. हे ध्यानात ठेवा."

"ठेवतो," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर सार्थक गाडीला किल्ली लावून उभा राहिला. त्याला काही बोलायचं होतं. मी म्हटलं, "आज न्हाय. आधी माझं काम ऱ्हायलंय."

घरी येऊन आबांच्या समोर बसून मी ग्रुपवर लिहिलं. चार वेळा खोडलं, पाचव्यांदा पाठवलं.

'सगळ्यांना जय भीम, नमस्कार. अक्षताच्या लग्नात आजींचा फोटो चुकला, त्यात कंपनीची चूक नाही. त्या घडीला मी कॅमेरा खाली ठेवून रडत होते. माझ्याकडंपण धड फोटो नाही. घरच्यांना मी खोटं सांगितलं आणि इथं येऊन दुसऱ्याला हसले. सार्थकच्या कॅमेऱ्यात माझा चेहरा नोंदवलेला होता, म्हणून फोकस माझ्यावर आला. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, कारण माझं नाव गेलं असतं. कुठला कॅमेरा चांगला यावर खुशाल भांडा, मी पण भांडेन. पण सुटलेली दोन लग्नं त्यांची त्यांना परत मिळवून द्यायला ज्यानं त्यानं हात लावावा. सार्थक, तुम्ही इथं नाही, पण कोण ना कोण दाखवेलच. तो चेहरा पुसा. मला बघायचं असेल तर कॅमेरा खाली ठेवून बघा.'

आबांनी चष्मा लावून ते वाचलं. थरथरत्या हातानं फोन परत दिला. "शेवटचं वाक्य दोनशे बारा माणसांत लिवायचं काय कारण हुतं?" म्हणाले.

"हसलो पण दोनशे बारा माणसांतच की आबा."

ग्रुप तासभर गप्प. मग एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकानं लिहिलं, 'वडगावचं जूनचं एक लग्न मी घेतलंय, ते माघारी देतो.' दोघा-तिघांनी मला हसून घेतलं, बाईमाणूस, हळवी, वगैरे. जुलैचं एक लग्न माझ्या हातातून गेलं. गेलं तर गेलं. त्या रात्री मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात गाडी थांबली. पाऊस लागून राहिला होता. सार्थक आत आला, निथळत, हात मोकळे. खांद्याला बॅग नाही, गळ्यात पट्टा नाही. मी त्याला असं कधी बघितलंच नव्हतं. आबांना त्यानं वाकून जय भीम घातला.

"कॅमेरा कुठाय रं?" आबांनी विचारलं.

"घरी ठिवलाय."

आबांनी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. "मी जरा दूध बघून येतो," म्हणाले आणि आत गेले. चुलीवर दूध नव्हतंच.

तो काउंटरच्या पलीकडं उभा होता. मधे काचेखाली आबांनी काढलेले तीस वर्षांचे नवरा-नवरी.

"पुसला," तो म्हणाला. "यादी मोकळी हाय आता."

"बरं केलंसा."

"मग… बघू का?"

मला हसू आलं आणि रडूही. किती वेळा या माणसासमोर मी कॅमेऱ्याआड दडले होते! "बघा की," मी म्हटलं. "आणि ऐका पण. मला तुम्ही आवडता, सार्थक. लई दिवस झालं. तुमचा कॅमेरा अजून आवडत न्हाय."

तो नुसता बघत राहिला, न घाबरता, न हसता, डोळे भरून. मी मान खाली घातली नाही. आतून आबांनी विचारलं, चहात साखर किती, आणि दोघांपैकी कुणीही उत्तर दिलं नाही.